डांबराच्या सहा गोळ्या

अमळनेरच्या जिनिंग कारखान्यात जमादार असलेल्या हिलालकडे एक लोकरी कोट होता. गल्लीतला कुठलाही नवरदेव तो घातल्याशिवाय मांडवात जात नसे. वैशाखाच्या उन्हात बिचारा घामानं निथळायचा, पण कोट काढायचा नाही. हिलाल कोट ट्रंकेत जपून ठेवी, सोबत मोजून सहा डांबरगोळ्या.

१९५४ च्या चैत्रात ट्रंक उघडली तर दोनच गोळ्या उरलेल्या, त्याही हरभऱ्याएवढ्या. किल्ली असायची बायकोकडं, झुंबरबाईकडं.

"तुन्ही बहीनले दी टाक्यात ना तू?" हिलालनं विचारलं.

"त्या आपोआप सरतस," ती म्हणाली.

"गोळ्यासले पाय शेतस का?"

झुंबरबाईनं किल्ली त्याच्यापुढं टाकली आणि त्याच दुपारी धरणगावला माहेरी निघून गेली.

हिलालनं सहा नव्या गोळ्या ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली. महिनाभर स्वतःच भाकरी थापल्या. एकही गोल झाली नाही. वैशाखात एक नवरदेव कोट मागायला आला. ट्रंक उघडली, तर गोळ्या पुन्हा हरभऱ्याएवढ्या! म्हणजे चोर आपणच?

तो शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कौतिक गुरुजींकडे धावला. गुरुजींनी त्यानं नेलेल्या गोळ्यांतली एक वाटीत टाकून वाटी गरम राखेवर ठेवली, वर गार पाण्याचा तांब्या. थोड्या वेळानं तांब्याच्या बुडाला पांढरे, चकचकीत पापुद्रे धरले.

"हे नॅप्थलीन. कोळशाच्या डांबरातून निघतं. ट्रंकेत पाणी न होताच याची हवा होते. गार लागलं की पुन्हा घट्ट."

मग त्यांनी पाटीवर एकमेकांना चिकटलेले दोन षटकोन काढले. दहा कार्बन, आठ हायड्रोजन. दोन घरं, मधली भिंत एकच, आणि तरी भांडण नाही, याचं हिलालला फार नवल वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांच्या ओट्यावर त्यानं तोच वाटी-तांब्या मांडला. शेजारच्या बायाही जमल्या. पापुद्रे धरले तसा तो म्हणाला, "चोर कोनीच नही. गोळीनी हवा व्हई जास. मास्तरनी सांगं."

"मास्तरनी सांगं तवय पटनं," झुंबरबाई म्हणाली. "आनि मी सांगं तवय?"

सासऱ्यांना एकाएकी खोकला आला.

"चुकनं मन्हं," हिलाल वाटीकडं बघत पुटपुटला.

"वाटीले काय सांगतस? मले सांगा."

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. हिलालनं मान वर केली आणि तिच्याकडं बघून तेच पुन्हा म्हटलं. तेव्हा कुठं झुंबरबाई गठुडं बांधायला आत गेली.