उकिडवी बसणारी बाई

पुण्यातल्या एका कंपनीच्या गेमसाठी मी हिंगोलीत घरी बसून माणसांचे सांधे बांधतो. पडद्यावरचं माणूस ढकललं की खऱ्यासारखं पडलं पाहिजे, म्हणून कोणता सांधा कुठवर वळेल याची हद्द घालून द्यावी लागते. हद्द सैल राहिली की गुडघा उलटा मोडतो, फार आवळली की माणूस ओंडक्यासारखं आडवं होतं.

या गेममध्ये हळद खुरपणारी एक बाई होती. उकिडवी बसवली की मागे कलंडायची. साहेब फोनवर म्हणाले, "सोमवारपर्यंत जमलं नाही तर तिला स्टुलावर बसवून टाकू." माझं डोकंच फिरलं. स्टूल घेऊन हळदीत कोण जातं? ही बाई जमिनीवरच बसणार, असं मी ठरवून टाकलं.

मग गुडघ्याच्या मागे लागलो. हद्द वाढवत गेलो, बाई कलंडत गेली. आई शेतातून आली होती, पाठीमागे उभी राहून बघत होती.

"काहून पाडून राहिलास तिला?"

"बसतच न्हाई ती."

चिडून मीच फरशीवर उकिडवा बसायला गेलो. टाचा टेकवल्या तर घोटा पुढे वळेना आणि मी मागे कपाटावर आदळलो. आई पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र उत्तर सापडलं होतं. दोष गुडघ्यात नव्हताच, घोट्यात होता. सॉफ्टवेअरमधल्या आयत्या हद्दी माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसांच्या होत्या. मी घोटा सैल केला. बाई टाचा टेकवून बसली आणि हलली नाही. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

आई अजून पडद्याकडेच बघत होती. "बसली बराबर. उठती कशी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "तू दाखव," मी म्हणालो.

ती बसली, अगदी सहज. उठताना एक हात जमिनीवर, एक मांडीवर ठेवला आणि अर्ध्यातच अडली. मी धावलो. माझा हात धरून ती उभी राहिली.

"आता गुडघ्याला तकलीफ होते," ती म्हणाली. "शेतात बाजूच्या सरीतली बाई हात देते. मी तिला देते."

मला एकदम भरून आलं. रोज एका ताटात जेवतो आणि मला हे माहीत नव्हतं.

सोमवारी मी साहेबांना कळवलं, बाई जमिनीवर बसली आहे, पण बाजूच्या सरीत आणखी एक बाई लागेल.

"ती कशाला?" साहेबांनी विचारलं.

"हिला उठवायला," मी म्हणालो.