माधवनभाऊ बळीराजा व्हायचे तेव्हा

"हे गेले," एवढंच अम्मिणीताई फोनवर म्हणाल्या. मी हातातली मेथीची जुडी तशीच टाकून समोरच्या दारात गेले. त्याला आता दीड महिना झाला.

माधवनभाऊ, अम्मिणीताईंचे यजमान, पनवेलला आमचे सख्खे शेजारी. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. माणूस अबोल. पण ओणमला, त्यांच्या नव्या पिकाच्या सणाला, त्यांचं मल्याळी मंडळ बाजारातून मिरवणूक काढायचं आणि त्यात माधवनभाऊ बळीराजा व्हायचे. "पोट माझंच मोठं, म्हणून मी राजा," असं सांगायचे. माझी आई पाडव्याला 'इडा पिडा टळो' म्हणायची, तोच हा बळी. "तुमच्याकडे दिवाळीत येतो, आमच्याकडे जरा लवकर," ते म्हणायचे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मला सातवा महिना होता. मुंबईहून येणाऱ्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांनी त्या वर्षी सगळेच धास्तावलेले; बेवारस पिशवी दिसली तरी लोक लांबून जायचे. तरी मिरवणूक बघायला मी भांड्यांच्या एका बंद दुकानापाशी उभी राहिले. पुढे दिवे घेतलेल्या बायका, मग अंगावर वाघाचे पट्टे रंगवलेले पुरुष, खांद्याला ढोल अडकवलेले वादक आणि छत्रीखाली माधवनभाऊ, सगळ्यांना हात जोडत. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर मोठा आवाज झाला. ढोल थांबले. कोणीतरी "पळा" म्हणालं... आणि लोंढा माझ्यावर आला. मी शटरवर दाबली गेले. दोन्ही हात पोटावर गच्च धरले होते. हात सुटले तर संपलं, एवढंच डोक्यात. मी शटरवरून खाली घसरायला लागले.

तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंनी शटरवर दोन हात टेकले. मनगटांवर सोनेरी कागदाची कडी. "ताई, खाली बसू नको. माझ्याकडे बघ." लोक त्यांच्या पाठीवर आदळत होते, मुकुट केव्हाच पडला होता. ते मान वळवून मल्याळीत काहीतरी ओरडत राहिले. वाजवा, थांबू नका, असं वादकांना सांगत होते, हे मला नंतर कळलं. एक ढोल सुरू झाला, मग दुसरा. ढोल वाजतायत म्हणजे काही झालेलं नाही, असं लोकांना वाटलं असावं. पळणारे हळूहळू थांबले. ट्रकचा टायर फुटला होता, बस.

रिक्षात बसल्यावर खरी भीती वाटली. पोटात काहीच हालत नव्हतं. मी तसं सांगितलं. माधवनभाऊ शेजारी बसले होते. त्यांची खोटी मिशी एका बाजूला लोंबत होती, तीही त्यांनी काढली नाही. ST स्टँड गेला, तलाव गेला... घराच्या वळणावर आतून एक लाथ बसली. "हललं," मी म्हणाले. त्यांनी तोंड बाहेर फिरवलं आणि घर येईपर्यंत वळवलं नाही.

पुढच्या वर्षी ते पुन्हा बळीराजा झाले, त्यानंतरही कितीतरी वर्षं. मी मात्र मुलीला घेऊन गॅलरीतूनच बघायची. माधवनभाऊंना भीती ठाऊक नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. ते म्हणायचे, "ताई, असं नाही बोलायचं." मला तो विनय वाटायचा.

परवा अम्मिणीताईंकडे बसले होते. मी पुन्हा तेच म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्या दिवसानंतर दर ओणमला सकाळी त्यांना उलटी व्हायची. भीतीने. मी म्हणायची, नका जाऊ. ते म्हणायचे, राजा नाही आला तर लोकांना वाटेल, काहीतरी झालं."

त्यांनी मला आत नेऊन मोरीजवळचं बुटकं लाकडी स्टूल दाखवलं. हातांची थरथर थांबेपर्यंत ते त्यावर बसून राहायचे. थांबली, की उठून मिशी लावायचे.

मी त्या स्टुलावर बसले. अम्मिणीताई दारात उभ्या होत्या. कितीतरी वेळ मला उठताच आलं नाही.