मोहोर आणि दौलूचं नाक

पागेतली लीद रोज उचलली जाते, किस्से मात्र साचत जातात. मी महाराजांच्या पागेत नोकरीला होतो, तेव्हाचे निम्मे किस्से तर एकट्या दौलूच्या नाकातून आलेत! दौलू घोडे सांभाळायचा. कामाला वाघ, पण आंब्याला मोहोर आला की जो शिंकायला लागायचा, तो पार कैऱ्या धरेपर्यंत. नेमके लग्न जमवायचे दिवसही तेच! दोन ठिकाणी बोलणी सुरू होताच हा शिंकला. अपशकुन म्हणून दोन्ही स्थळं हातची गेली. बिचारा तिशीला टेकला होता. आम्हाला फार वाईट वाटायचं. आमच्यावर देखरेख करणाऱ्या दस्तगीर जमादारांना मात्र संशय यायचा.

"लगीन नको म्हणून मुद्दाम शिंकतंय बेणं!"

*

एकदा पाहुण्यांसाठी बग्गी जोडली. पाहुण्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि दौलू शिंकला. पाहुणे उतरले, पाणी पिऊन पुन्हा चढले. हा पुन्हा शिंकला! जमादारांनी त्याला बाजूला घेतलं.

"खरं सांग, कुणाच्या सांगण्यावरनं शिंकतोस?"

*

मग तपकिरीचा संशय. पटका सोडवला, बोटं हुंगली, काही सापडलं नाही. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मोहोराची बारीक पूड नाकात जाते. बाहेर पडताना तोंडाला ओलं फडकं बांधा, घरी गेलात की तोंड धुवा."

बाहेर आल्यावर जमादारांनी विचारलं, "डॉक्टर तुझा पावणा तर न्हवं?"

*

फडकं बांधून दौलू घरी निघाला, तर शिपायानं हटकलं.

"तोंड का झाकलंयस?"

"मोहोराच्या भ्यानं."

"मोहोर काय काठी घिऊन मागं लागलाय व्हय रं?"

शेवटी जमादारांनीच चौकीवर जाऊन त्याला सोडवलं.

*

आईनं दौलूला नाकपुड्यांना आतून तूप लावायला शिकवलं. शिंका बऱ्याच कमी झाल्या. तुपाची छोटी डबी कायम कनवटीला. पण घोड्यांच्या खुराकातही तूप असायचं ना!

जमादार म्हणाले, "घोडं वाळत चाललंय आणि तुझं नाक चमकतंय!"

*

मग गडमुडशिंगीचं स्थळ आलं. हे मोडलं तर पुन्हा मुलगी बघायची नाही, असं दौलूनं आम्हाला सांगून टाकलं. जमादार स्वतः बरोबर आले, नजर ठेवायला. बघतो तर दारातच मोहोरलेला आंबा! दौलूनं गुपचूप तूप लावलं आणि अंगणातल्या बैठकीत दात आवळून बसला. डोळ्यांतून धारा.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पावणं रडत्यात का?"

"आनंदानं!" जमादार म्हणाले. त्या दिवशी त्यांच्यावर जीव जडला माझा.

मुलगी दाखवून झाली, ती आत गेली. दौलू शिंकला नाही. वडिलांनी सुपारी फोडायला घेतली, तेवढ्यात शिंक!

सगळ्यांनी दौलूकडे बघितलं. पण शिंक घरातून आली होती. मुलीची.

मुलीची आई दारातून घाईनं म्हणाली, "चुलीवर मिरच्या भाजाय टाकल्यात, त्यामुळं झालं!"

जमादारांनी डोळे बारीक केले.

"वैनी, चूल तर हितं अंगणात हाय की!"

सुपारी वडिलांच्या हातात तशीच. दौलू उठला, कनवटीची डबी काढून मुलीच्या आईपुढं धरली.

"तूप हाय. नाकाला लावाय सांगा."

आतून आवाज आला, "माझ्यापाशी माझी डबी हाय म्हणावं!"