असील कोंबडीची शेंडी

सासऱ्यांशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही तोंड न उघडता. माझ्या हातून एक अंडं फुटलं आणि ते मी सांगितलं नाही. पुढचे चार महिने ते न सांगितलेलं अंडं पाय फुटून आमच्या परड्यात किडे टिपत हिंडत होतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. साखर कारखान्यातली नोकरी संपल्यावर कोल्हापूरच्या कडेला घर बांधलं, मागं परडं ठेवलं आणि परड्यात कोंबड्या. घरात त्यांचा शब्द चालायचे दिवस सरले होते. बँकेची कामं नवरा फोनवर उरकतो, गॅसचा नंबर मी लावते, टीव्हीचा रिमोट तर कुणाचंच ऐकत नाही. पण कोंबडीचा विषय निघाला की अख्खी गल्ली मामांकडं बघायची. चाल बघून जात सांगायचे, पाय बघून वय सांगायचे आणि एकदा सांगितलं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचे नाहीत. 'माझं चुकलं' हे त्यांच्या तोंडून मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचा एक जुना दोस्त राहतो. त्याच्याकडं असील कोंबड्या, उंच, ताठ मानेच्या, तीन पिढ्या भेसळ न होऊ दिलेल्या. असली अंडी तो विकत नाही. मामांना मात्र त्यानं अर्धलीनं नऊ अंडी दिली. अर्धलीनं म्हणजे कोंबडी आमची, राखण आमची, आणि जी पिल्लं जगतील त्यातली निम्मी त्याची. मामांनी ती डब्यात भुसा घालून मोटारसायकलवर मागं बसून आणली, मांडीवर घेऊन, आणि वाटेत चार ठिकाणी थांबून चार जणांना दाखवली.

डबा ओट्यावर ठेवून ते अंडी उबवायला बसणाऱ्या खुडूक कोंबडीची जागा करायला मागं गेले. मी भाकरीचा तवा घ्यायला हात पुढं केला आणि कोपर डब्याला लागलं. आठ अंडी वाचली. नववं फरशीवर.

शहाण्या बाईनं तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं. मी शहाणी आहे, पण सवडीनं. मामांची चाहूल लागायच्या आत मी भिंतीपलीकडच्या काकूंकडून एक ताजं गावठी अंडं मागून आणलं आणि भुशात ठेवलं. फुटलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याची पोळी करून नवऱ्याला वाढली. "आज अंड्याला काय चव हाय गं," म्हणाला. तीन पिढ्यांची चव होती ती.

एकवीस दिवस मामा कोंबडीपाशी स्टूल टाकून बसले. एकविसाव्या दिवशी एक अंडं टिचलं, एक पिल्लू बाहेर आलं. बाकीची आठ तशीच. नंतर फोडून पाहिली तर आत नुसतं पाणी. रस्त्यातल्या खड्ड्यांनी ती वाटेतच हलून गेली होती. जे जगलं ते कुठलं, हे मला त्याच क्षणी कळलं. नवांपैकी एकच अंडं असं होतं की ज्यानं फक्त भिंत ओलांडली होती.

मामांनी पिल्लू तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. "ह्याचं डोस्कं असीलाचं वाटंना मला," म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "पर अंडी तर मीच ठेवली की माझ्या हातानं."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत जाहीर झालं की परड्यात असील जन्मलं.

गल्ली बघायला आली. कोल्हापुरात पक्षी ओळखायची एक पद्धत आहे. आधी त्याचा रस्सा कसा होईल ते ठरवतात, मग त्यावरून जात. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानदारानं दोन बोटांनी पिल्लाची छाती चाचपली आणि म्हणाला, "मामा, असील शिजाय लई वेळ घेतंय. ह्येला दोन शिट्ट्या बास. गावठी हाय ह्ये." शेजारच्या निवृत्त मास्तरांनी काळसर पाय बघून कडकनाथ ठरवलं आणि त्याचं मटण कशाकशाला औषधी ते सांगत बसले. नवऱ्यानं फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. एकानं टर्की म्हटलं, एकानं शहामृग, तिघांनी जेवायला कधी येऊ म्हणून विचारलं.

मामा प्रत्येकाला उत्तर द्यायचे. तंगड्या आखूड का? अजून वाढायच्यात. पिसारा एवढा भरगच्च का? थंडीचं पिल्लू हाय. लोक तोंडावर हसायला लागले, तसा मामांचा आवाज चढत गेला. "चाळीस वर्षं कोंबड्या बघतोय मी. असील न्हाय निघालं तर पुन्यांदा कोंबडीची जात सांगणार न्हाय," असं एका सकाळी ते भर कट्ट्यावर म्हणाले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातातला चिमटा खाली पडला.

आणि त्याच आठवड्यात शेंडी आली.

काकूंच्या कोंबड्याला डोक्यावर पिसांचा झुपका आहे, अगदी वरातीतल्या फेट्यासारखा. असीलाचं डोकं गुळगुळीत. आमच्या पिल्लाच्या डोक्यावर आधी नुसतं एक पीस उभं राहिलं, मग दोन, मग एक छान गोल टोपली. मामा दुपारी झोपले की मी शिलाई मशीनची छोटी कात्री घेऊन परड्यात जायची, पिल्लू काखेत धरायची आणि त्याची हजामत करायची. पाच-सहा दिवसांनी नवी पिसं हजर. माझ्या स्वतःच्या केसांना पार्लर मिळालं नव्हतं सहा महिने, पण ह्या बाईसाहेबांची दर आठवड्याला कटिंग. बाईसाहेब, कारण एव्हाना ती तलंग असल्याचं कळलं होतं, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी.

हेच ऐकून पन्हाळ्याचा दोस्त आला. एका पिल्लाची अर्धी वाटणी कशी करायची, तर त्यानं तोड काढली होती. तलंग तो नेणार, आपल्या असील कोंबड्याखाली सोडणार आणि पहिल्या अंड्यांतली निम्मी मामांना देणार. आदल्या दिवशीच हजामत झालेली, त्यामुळं डोकं साफ. त्यानं पंख ताणून बघितले, जरा घुटमळला, मामांच्या तोंडाकडं बघितलं. "तू म्हणतोस म्हंजे असीलच की मर्दा," म्हणाला आणि तिला कापडी पिशवीत घातलं.

पिशवीतून नुसतं तोंड बाहेर काढून ती माझ्याकडं बघत होती. ही जाणार त्याच्या कळपात, आणि तीन पिढ्यांत कुणी न केलेली भेसळ माझ्या कोपरामुळं होणार. आतापर्यंत मला मामांची भीती वाटत होती. त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली.

"काका, नेऊ नका ती," मी म्हटलं. "असील नाही. तुमचं अंडं मी फोडलं. हे काकूंचं." मग थांबता येईना. कात्रीसुद्धा सांगून टाकली.

दोस्त हसत सुटला. हसता हसता त्याला ठसका लागला. "सूनबाई, कोंबडीची हजामत?" त्यानं पिशवी सोडली, तलंग माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. " मग मामांकडं वळून, "पोरगी हिंमतीची हाय रं तुझी."

मामा हसले नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही. पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडून कट्ट्याकडं गेले. मला वाटलं, आता गल्लीभर माझा उद्धार. व्हावाच, म्हणून मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. पहिल्याच दिवशी त्यांची नजर बरोबर बोलली होती, आणि माझ्या गप्प बसण्यानं मी त्यांना स्वतःच्याच नजरेवर अविश्वास दाखवायला लावला होता.

कट्ट्यावर नेहमीची मंडळी होती. मामा बसले नाहीत. उभ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती कोंबडी गावठी हाय. असील न्हवं. माझं चुकलं."

"आमी सांगत हुतोच की!" दुकानदार ओरडला. एकच हशा झाला.

"व्हय, सांगत हुता," मामा म्हणाले. "आता वयामानानं मला वळखू येईना झालंय. इथनं फुडं तुमीच बघा."

माझं नाव त्यांनी काढलं नाही. मी तलंग छातीशी धरून फाटकात उभी होते. चार पावलं पुढं जाऊन खरं सांगायचं होतं, आणि आत्ताच तर मी हिंमतीची ठरले होते. पण तेवढ्या माणसांसमोर माझं पाऊल उचललं नाही. मामा परत आले, माझ्या हातातून कोंबडी घेतली आणि तिला दाणे टाकायला परड्यात गेले.

त्यानंतर गल्लीत कुणी त्यांना कोंबडीची जात विचारली नाही.