पत्र्यावरची माती

सोनगीरच्या तांबट आळीत चुडामण नानांचं एक ठाम मत होतं. वारे दोन जातींचे. एक चोर, दुसरा जावई. वावटळ ही चोर. न सांगता गल्लीत शिरते, एखादंच घर धरते, हाताला लागेल ते घेऊन पसार होते. समुद्राकडचं वादळ म्हणजे जावई. आधी वर्दी पाठवतं, मग येतं, आणि एकदा आलं की तीन-तीन दिवस हलायचं नाव नाही.

"घरधन्याने चोराला भ्यावं," नाना हंड्यावर ठोके घालत सांगायचे. "जावई खाईल, पिईल, रुसेल. पण घर उचलून नेईल का?"

नानांना स्वतःला जावई नव्हता. मूलबाळच नव्हतं. त्यामुळे या विषयावर ते अगदी मोकळेपणाने बोलत.

घरात ते आणि भिकुबाई. घर दोन खणांचं, धाब्याचं. म्हणजे लाकडी सऱ्यांवर खारी माती बडवून केलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात आत माठासारखं गार, आणि पावसाळ्यातही थोडं माठासारखंच, कारण ते पाझरायचं. भिकुबाईंना दमा होता. ओल धरली की त्यांचा श्वास भात्यासारखा वाजे. दर श्रावणात त्यांचा धाकटा भाऊ रुपचंद पिंपळनेरहून यायचा. "अक्का, चल आमच्याकडे, कोरडं घर आहे," म्हणायचा आणि दर श्रावणात एकटाच परत जायचा.

"मन्हं घर शे ना माले," भिकुबाई म्हणत. "मरसू ते आठेच."

इथेच मरेन, असं बायकोने म्हटल्यावर नवऱ्याला निदान ते 'इथे' कोरडं ठेवणं भाग होतं. म्हणून एकोणीसशे सत्तरच्या आसपासच्या एका चैत्रात नानांनी धाबं उतरवलं आणि त्याच सऱ्यांवर पत्रे घातले. तांबटाचा धातूवर विश्वास असायचाच. धाब्याची माती परसात ढीग घालून ठेवली. जन्मभर डोक्यावर वागवलेली माती उकिरड्यावर टाकायला त्यांचा जीव होईना.

वैशाखात वावटळ आली आणि शेजारच्या अभिमनच्या घराचे तीन पत्रे घेऊन गेली. एक पत्रा सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सापडला, घडी घातलेल्या धोतरासारखा. नाना तो बघून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून परसातली माती पाटीपाटीने पत्र्यावर चढवू लागले. चांगला वीतभर थर. घसरू नये म्हणून कडेने दगडांची पाळ.

समोरच्या किराणा दुकानातून रतनलाल शेठ बाहेर आले. आळीतला एकुलता रेडिओ त्यांचा, त्यामुळे जगाची काळजी तेच वाहत.

"नाना, हे काय चाललंय? मातीच हवी होती तर पत्रा कशाला घातला?"

"पत्रा पाण्यासाठी, शेठ. माती वाऱ्यासाठी."

"आणि कपाळ?"

"ते तुमच्यासारख्यांनी हात मारून घ्यायला!"

आळी आठवडाभर हसली. मग ज्येष्ठात वावटळ पुन्हा आली, ती आळीच्या मधोमध. शेठच्या दुकानाची पाटी गेली, ओसरीवरची ताडपत्री गेली, अभिमनचे नवे पत्रे गेले. नानांचं घर जागचं हललं नाही. त्यानंतर महिनाभर नाना भांडी कमी आणि भाषणं जास्त घडवत होते. अभिमनने हसणं सोडलं आणि उरलेली माती मागायला तो स्वतः पाटी घेऊन आला.

आषाढ लागला तशा भिकुबाई म्हणाल्या, "वारा गया. आते माती काढी टाका."

"आनि वारा परत ऊना ते?" नानांनी विचारलं.

"मंग परत चढावज्यात."

पण इतका मान आयुष्यात पहिल्यांदाच डोक्यावर चढला होता. तो असा पाटीपाटीने उतरवायचा कसा? अभिमनने आपली माती उतरवली, नानांनी राहू दिली.

भाद्रपदात शेठनी रेडिओ ऐकून हाक मारली, "नाना, अरबी समुद्रात वादळ उठलंय हो!"

"येऊ द्या. इथवर घाट चढून येईपर्यंत दम लागेल त्याला."

वाऱ्याला खरोखरच दम लागला. आळीत साधं पान हललं नाही. आला तो नुसता पाऊस, संथ, न थांबणारा. दुसऱ्या दिवशी नाना फावडं घेऊन शिडीवर चढले, तर पाळीच्या आत काठोकाठ चिखल थरथरत होता. पाय ठेवला तसा खालचा सरा कण्हला. ते फावडं घेऊन तसेच उतरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घरातूनच पत्र्यावर हातोडीचा एक ठोका दिला. तडा गेलेला हंडा जसा बोलतो तसा बद्द आवाज आला. हातोडी तिथेच टाकून त्यांनी भिकुबाईंना गोधडीसकट उचललं आणि समोर शेठच्या दुकानात आणलं. मागे वळून पाहिलं तेव्हा घर खाली बसत होतं. आवाज फारसा झाला नाही. दमलेली म्हैस बसते तसं ते हळूहळू, एका बाजूने बसलं. दारासकट पुढची आणि मागची भिंत तेवढी उभी राहिली.

चेष्टा करायला शेठना तोंड होतं, पण त्यांनी पोत्यावरची चादर काढून भिकुबाईंच्या पायांवर घातली.

पाऊस उघडला आणि रुपचंद आला. या वेळी भिकुबाई नाही म्हणू शकल्या नाहीत. छातीत शब्दापुरताही श्वास नव्हता. नानाही बरोबर निघाले. मोटारीत बसण्याआधी भिकुबाईंनी खूण केली: दाराला कुलूप लावा. नानांनी लावलं. किल्ली भिकुबाईंनी स्वतःच्या कनवटीला खोचली.

मार्गशीर्षात पिंपळनेरला, भावाच्या कोरड्या घरात, भिकुबाई वारल्या. दिवस करून नाना किल्ली घेऊन परत आले. तोवर मागची भिंतही पडली होती. आळीतली गुरं आतून-बाहेरून फिरत होती.

"नाना, इकडून या," अभिमन पडक्या बाजूने म्हणाला.

नाना पुढच्या दाराशी गेले. कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरवायला बराच वेळ लागला. ते उघडलं, चपला बाहेर काढल्या, आणि आत गेले.