स्वित्झर्लंडच्या जागी आमचा डोंगर

आमच्या लिंबागणेशच्या फोटो स्टुडिओत लई वर्षं स्वित्झर्लंड टांगलेलं होतं. बर्फाचे डोंगर, निळं तळं, कडेला लाकडी घर. त्या पडद्यापुढं खुर्ची टाकायची आणि गिऱ्हाईक बसवायचं. जन्मात स्वेटर न घातलेले आजोबा धोतर सावरत बर्फात बसायचे, आणि मला खुदकन हसू यायचं. एक दिवस मात्र हसू आलंच नाही, डोकंच फिरलं. दारातून बाहेर पाहिलं तर बालाघाटाचा एवढा डोंगर समोर उभा, आणि आम्ही आमच्या माणसांना परक्या बर्फात कशापायी बसवायलोत?

"अहो," मी नवऱ्याला म्हणलं, "मी आपल्या डोंगराचा फोटो काढते. त्याचाच पडदा करू."

ते लग्नाच्या व्हिडिओची कापाकापी करत होते. मान वर न करता म्हणाले, "रोज बघत्यात लोक तो डोंगर. त्याच्यापुढं कोण बसंल? लाव तू. पन दिवाळीपर्यंत एकबी गिऱ्हाईक आपणहून त्याच्यापुढं उभं राहिलं न्हाई, तर स्वित्झर्लंड परत वर."

म्हणलं, चालतंय! हरायची मला सवय नाही.

पहिल्या खेपेला जेवण उरकून भर दुपारी गेले, आणि डोंगर आला तव्यावरच्या भाकरीसारखा सपाट. माझाच मला राग आला. नवरीच्या तोंडावर लाइट बाजूनं मारायचा, हे मला झोपेतबी कळतं. मग डोंगराला वेगळा नियम असतोय का? ऊन डोक्यावर असलं की सावली नाही, आणि सावली नसली की डोंगराला ना नाक ना डोळे.

दुसऱ्यांदा उजाडायच्या आत माळावर पोचले. आदल्या दिवशी सर पडून गेल्यामुळं हवेतला फुफाटा बसला होता. कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं आणि थांबले. ऊन बाजूनं आलं आणि काय सांगू! डोंगराची एकेक घडी उठून दिसायला लागली, घळी काळ्याभोर, कडा पिवळ्याधमक. नाचावंसं वाटलं मला. घाईघाईत पहिला फोटो काढला तर अर्धं आभाळ, अर्धी जमीन, भावाभावांत वाटणी केल्यागत. छे! कुणाला तरी जास्त द्यावंच लागतं. मी आभाळाचा हिस्सा कमी केला. मग वाटलं, पुढं मोकळं मोकळं दिसतंय, नजर टेकायला काहीतरी पाहिजे. म्हणून गवतात फतकल मारून बसले आणि फुललेलं तरवडाचं झुडूप पुढ्यात घेतलं. कुसळं टोचली, टोचू दे. बटण दाबणार तेवढ्यात कोपऱ्यात विजेची तार दिसली मेली! जरा सरकले, तार गेली. दाबताना हात हलतो म्हणून टायमर लावला, आणि तरी श्वास रोखून मीच बसले, येड्यासारखी.

जमलं! एवढ्या जोरात ओरडले की चरणाऱ्या शेळ्या बिचकल्या.

फोटो घेऊन बीडला फ्लेक्सवाल्याकडं गेले. त्यानं विचारलं, "ताई, साहेबांचा फोटो कुठं टाकू? वाढदिवस हाय का निवड?"

"कुणाचा वाढदिवस न्हाई."

"मग शुभेच्छुक?"

"शुभेच्छुकबी न्हाईत. नुसता डोंगर!"

लग्नपत्रिकेत नवरीचं नाव नको म्हणल्यावर बघावं, तसं बघितलं त्यानं माझ्याकडं. तरी त्या बाबानं आपल्या मनानं खाली दोन हंस टाकलेच. आमच्या माळावर हंस! समोर बसून काढायला लावले.

पडदा लागला. काय दिसत होता म्हणून सांगू! पण स्थळासाठी फोटो काढायला आलेली पोरगी नाक मुरडून म्हणाली, "काकू, बर्फाचा लावा ना, पाव्हण्यांना पाठवायचाय." एक बाबा म्हणाले, "दिवसभर शेरडं तिथंच राखतो, फोटोतबी तिथंच बसू का?" प्रत्येक वेळी नवरा मिशीत हसायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. करता करता भाऊबीजबी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वित्झर्लंडची गुंडाळी काखेत मारून स्टुलावर चढले. मला रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. ऊसतोडीला निघायचं होतं, गाडी उद्याची होती, जाण्याआधी जोडीनं फोटो पाहिजे होता. माणूस खुर्चीत बसला. बाई बसेचना. पडद्याकडं बघत बघत अगदी जवळ गेली आणि खाली डोंगराच्या पायथ्याशी बोट टेकवलं.

"ताई, हे आमचं घर हाय की!"

मी वाकून पाहिलं. खरंच, पत्र्याचं एक बारकं घर होतं. एवढा फोटो निरखला मी, पण ते घर माझ्या नजरेसच पडलं नव्हतं. तिचा नवरा ताडकन उठला. "आरं हाय की! ही चिंच बग, ह्यो हौद!"

मला तर आनंदानं उड्या माराव्या वाटल्या. स्टुलाकडं बघून म्हणलं, "बघा! म्हणत होते का न्हाई मी?" आणि त्या दोघांना म्हणलं, "बसा बसा, असा फोटो काढते की बघतच ऱ्हाल!"

बाईनं मान हलवली. "आमाला नगं काढू ताई. आमी दोगं तर संगंच हाव. नुसतं हे दे."

"अगं, पण तुमी नसल्यावर..."

"पोरं हितं ऱ्हानार हायत, सासूपशी." तिचं बोट अजून त्या पत्र्यावरच होतं.

माझा नवरा स्टुलावरून खाली उतरला, गुंडाळी कोपऱ्यात उभी केली आणि हळूच विचारलं, "केवढा काढून देऊ, ताई?"

ती म्हणाली, "घर दिसंल एवढा."