आपल्यातले निळे

निष्ठा हा शब्द कुणी दिवाणखान्यात बसून मोठ्यानं उच्चारला की मला मळमळतं. आधी असं व्हायचं नाही. बर्लिनमध्ये नवीन असताना मला तिथल्या फुटबॉलवेड्या लोकांचं कौतुकच वाटायचं. शहर एक आणि संघ दोन. निळा पश्चिमेचा, लाल पूर्वेचा. भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी माणूस कुठल्या बाजूचा ते त्याच्या गळ्यातल्या मफलरवरून कळायचं.

आम्ही पूर्वेला राहायचो, लाल संघाच्या स्टेडियमपासून दोन स्टेशनांवर. माझी संशोधन संस्था त्या बाजूला होती आणि तिथली भाडी तेव्हा परवडत होती. मॅचच्या दिवशी एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, डब्याचा उकिरडा व्हायचा. फरशीवर सांडलेल्या बियरनं चपला चिकटायच्या, रिकाम्या बाटल्या सीटखालून इकडून तिकडे घरंगळायच्या आणि स्टेशनाबाहेरच्या कोपऱ्यात चांगल्या घरचे दिसणारे पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. मी नाकाला रुमाल लावून जायचे. पण माझी नऊ वर्षांची मुलगी पक्की लाल होती, त्यामुळे घरात तोंड उघडायची सोय नव्हती. नवरा आठवडाभर ब्राउनश्वाइगला नोकरीवर असायचा, तो या वादात पडायचा नाही.

शहरातल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप होता आणि त्यातही अर्थातच दोन तट होते. निळ्यांचे पुढारी म्हणजे एक मोटार इंजिनिअर. सगळे त्यांना दादा म्हणत. शार्लोटेनबुर्गमध्ये त्यांचं प्रशस्त घर होतं, आणि निळ्यांची मॅच त्यांच्याच घरी एकत्र बसून बघायची असा आठ वर्षांचा रिवाज होता. निष्ठेवर ते कीर्तनकारासारखे बोलत. एकदा एका विद्यार्थ्याला पूर्वेकडे खोली मिळाली आणि तो बिचारा लाल मफलर घालून दादांकडे आला. दादांनी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. हसत हसतच लावली, पण मागितल्याशिवाय त्याच्या हातात ताटली दिली नाही. "माणूस एकदा निळा म्हणाला की मरेपर्यंत निळा," असं ते त्याला म्हणाले. पोरगं ओशाळून हसलं. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं.

याच दादांनी पहिल्या भेटीत मला मूळ गाव विचारलं होतं. मी कामठी म्हणाले. म्हणजे नागपूरकडचे, पण मूळचे कुठले, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा कामठी म्हणाले. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यातून कुणाला काही हाताला लागत नाही. आमच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती, तीही सगळ्यांनी पाहिली होती. पण बर्लिनमध्ये बुद्ध प्रत्येकाकडे असतो. बाल्कनीत कुंड्यांच्या शेजारी असतो, न्हाणीघरात टॉवेलच्या कपाटावर असतो. आमचाही त्यांनी शोभेतच जमा केला. मी काही लपवलं नव्हतं. ते ज्या पद्धतीनं विचारत होते, त्या पद्धतीला मी उत्तर देत नव्हते इतकंच.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले, तीन महिन्यांसाठी, आणि नेमके थंडीच्या तोंडावर. कामठीत फुटबॉल रक्तात असतो हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. बाबा तरुणपणी मोहल्ल्याच्या संघात गोलकीपर होते, पुढे बँकेत लागले, तरी संध्याकाळी मैदानावर गेल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाला आम्ही चौथ्या मजल्यावर बसवून ठेवलं. मी संस्थेत, नात शाळेत. खिडकीतून ओले रस्ते बघून बघून त्यांचा चेहरा उतरला. मी घरी आले की ते जेवताना एकच विचारत, "आपले लोक नाहीत का गं इकडे?"

आपले म्हणजे कोण हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. आखनला दोन घरं होती, ब्राउनश्वाइगला एक. बर्लिनमध्ये एक मुलगी संशोधनाला आली होती, पण तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी हे सगळं त्यांना सांगायचे आणि ते मान डोलवून वरणात भात कालवत राहायचे.

एका रविवारी मी त्यांना फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात घेऊन गेले. तिथे एका म्हातारीकडे निळ्या संघाचा मफलर होता. बाबांनी तो उचलला, हातात फिरवून बघितला आणि तिथल्या तिथे गळ्यात घातला. संघ कुठला, कुणाचा, त्यांना काही माहीत नव्हतं. निळा होता, एवढं त्यांना पुरलं. घरी आल्यावर नात हबकलीच. "आजोबा, दास गेट गार निश्ट," हे अजिबात चालणार नाही, असं सांगून ती दोन दिवस त्यांच्या शेजारी जेवायला बसली नाही. बाबांची फार दिवसांनी करमणूक झाली. तुझा लाल तुला, माझा निळा मला, असं म्हणून ते मफलर घालूनच जेवायला बसत.

त्या वर्षी दोन्ही संघ वरच्या लीगमध्ये समोरासमोर येणार होते. दादांचा फोन आला. शनिवारी सगळे त्यांच्याकडे जमणार होते. बाबांना आणाच, असं त्यांनी बजावलं. त्यांचेही वडील आलेले होते, दोघांची जोडी जमेल, मंगळवारपासून दोघं बागेत बरोबर फिरायला जातील, असं त्यांनीच परस्पर ठरवून टाकलं. मी बाबांना सांगितलं आणि त्यांचा नूरच पालटला. त्या गृहस्थांचं वय काय, चालायला बरे आहेत का, चहात साखर चालते का, बाबा दोन दिवस मला विचारत होते. शनिवारी त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली.

नवरा त्या शनिवारी कामावर अडकला होता, म्हणून आम्ही तिघंच गेलो. दार दादांनीच उघडलं. मागे दहा-बारा मंडळी, बहुतेकांच्या गळ्यात निळे मफलर. दादांची नजर बाबांच्या गळ्याकडे गेली आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "अरे वा, काका आपल्यातले निघाले!"

इथे माझ्या बापाबद्दल एक सांगायला हवं. परक्याच्या घरी ते कधी आधी बोलत नाहीत. बँकेतल्या इतक्या वर्षांनी त्यांना शिकवलं होतं की समोरचा माणूस जोखायचा, मग नमस्कार म्हणायचं आणि जय भीम आपल्या माणसांसाठी राखून ठेवायचं. पण त्या दारात त्यांना खोलीभर निळा दिसला आणि घरचा मालक हात पसरून आपल्यातले म्हणाला. महिनाभर ते ज्यांची चौकशी करत होते ती माणसं समोर उभी आहेत असं त्यांना वाटलं. चेहरा उजळला. हात जोडून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम!"

 दादांचे पसरलेले हात हळूच खाली आले. मग कुणीतरी या, बसा म्हणालं, आणि सगळे एकदम थंडीबद्दल बोलायला लागले. बाबांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांचे जोडलेले हात मात्र थोडा वेळ तसेच राहिले.

मॅच सुरू होण्याआधी निळ्यांचा एक फोटो निघायचा आणि तो फेसबुकवर चढायचा, हाही त्या घरचा रिवाज. कुणा नव्या माणसाला काय झालं ते उमगलं नसावं. तो म्हणाला, काकांना मधे घ्या. बाबा मधे उभे राहिले. आणि मग मी जे बघितलं त्यानं माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. एकानं हीटर फार तापलाय असं पुटपुटत मफलर काढून खुर्चीवर टाकला. दुसऱ्यानं काढून खिशात कोंबला. बायका आपापले पर्समध्ये ठेवू लागल्या. आणि दादा, मरेपर्यंत निळे असलेले दादा, त्यांनी आपला मफलर गळ्यातून उतरवला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवून दिला. आधी खाऊन घेऊ, फोटो काय नंतरही काढता येईल, असं म्हणाले.

आजही ती घडी आठवली की मला शिसारी येते. एकदम तोंडावर शिवी दिली असती तरी मला इतकं घाण वाटलं नसतं. शिवी देणारा निदान काहीतरी ठरवून देतो. यांनी काही ठरवलं नव्हतं. पावभाजीवर लिंबू पिळावं इतक्या सहज त्यांचे हात गळ्याकडे गेले होते.

माझ्या मुलीला यातलं काही कळलं नाही. ती आपला लाल मफलर घालून आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मोठ्यांदा जर्मनमध्ये म्हणाली, मॅच सुरूही झाली नाही आणि यांनी मफलर काढले, आत्ताच घाबरले वाटतं.  मी त्या दोघांचा फोटो काढला.

मग स्वयंपाकघरात दादा माझ्यामागून आले. तुम्ही कधी बोलला नाहीत, असं म्हणाले. काय बोलायचं होतं, असं मी विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या मनात तसलं काही नाही हं. पण फोटो गावाकडची माणसं बघतात. सगळ्यांचे निळे मफलर, मधे काका. उगाच वेगळा अर्थ काढतील."

तसलं. तो शब्द उच्चारताना त्यांचे ओठ ज्या काळजीनं हलले, ती काळजी मला ओकारी आणणारी होती. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या की मंगळवारचं जरा राहू दे, सासऱ्यांचा गुडघा धरलाय. सासरे त्या वेळी दारातून दिसत होते. ताटली हातात घेऊन, उभ्या उभ्या, या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर भार टाकत ते मजेत पाव खात होते.

मी बाहेर येऊन बाबांना म्हटलं, चला, निघू. ते उठले नाहीत. "खेळ पाहायला आलो ना बाई? पाहून जाऊ," एवढंच म्हणाले.

तिघांच्या सोफ्यावर बाबा मधे बसले. एका बाजूला नात होती, दुसरी बाजू मॅच संपेपर्यंत रिकामी राहिली. माणसं भिंतीला टेकून उभी राहिली पण तिथे बसली नाहीत. आणि गंमत म्हणजे निळ्यांसाठी कुणी ओरडेना. एरवी खालच्या मजल्यावरून तक्रार येईपर्यंत बोंबलणारी ही मंडळी कुणी मेल्यासारखी गप्प होती. निळ्यांच्या गोलकीपरनं झेप टाकून एक चेंडू अडवला, तेव्हा टाळी वाजली ती एकट्या बाबांची. त्या माणसानं काय केलं ते त्यांना आतून माहीत होतं. मी बाजूला उभी राहून दादांकडे बघत होते. दादा फोनमध्ये बघत होते.

शेवटी शेवटी लाल संघानं गोल केला आणि जिंकला. मुलगी सोफ्यावर उड्या मारायला लागली. बाबांनी रीतसर तिच्याशी हात मिळवला. आम्ही निघालो तेव्हा दादा दारापर्यंत आले, पुन्हा या म्हणाले.  त्या घराची पायरी मी पुन्हा चढले नाही.

परतीच्या गाडीत लाल लोकांची झुंबड होती. पबमध्ये मॅच बघून सगळे पूर्वेला घरी निघालेले. घामाचा, बियरचा आणि ओल्या लोकरीचा वास, ढेकरा, आरोळ्या. मला दिवसभराचाच उबग आला होता, त्यात हे. आम्हाला कशीबशी जागा मिळाली आणि मग समोरच्या एका दांडगटाला बाबांच्या गळ्यातला मफलर दिसला. त्यानं बोट दाखवलं. डब्यातले सगळे आमच्याकडे वळले आणि पाय आपटत एका ठेक्यात काहीतरी म्हणू लागले.

बाबांनी नातीला विचारलं, काय म्हणून राहिले हे. आजोबांना जर्मन येत नाही म्हणून त्यांच्याशी तरी तिला मराठीत बोलावंच लागायचं. ती शब्द जुळवत म्हणाली, "निळे घाण आहेत, असं म्हणतात."

 मी म्हटलं, बाबा, तो मफलर काढून माझ्या पिशवीत द्या. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते नातीकडे वाकले.

"काहून म्हणतात? आपण हरलो म्हणून?"

"हो."

"दुसरं काही नाही?"

ती गोंधळली. "दुसरं काय असतं?"

बाबा सरळ बसले. दादांच्या दारातल्या त्या जय भीमनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी मफलर गळ्याभोवती नीट केला, त्याची दोन्ही टोकं कोटावर सारखी सोडली आणि मला म्हणाले, "मग राहू दे गळ्यात. नुसत्या खेळासाठी कुणी निळ्याला शिव्या देतं, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."